साहेबांचा राहिलेला शब्द

ज्या साली ब्रिटनीचं पहिलं कम्युनियन झालं आणि चर्चमध्ये पांढऱ्या झग्यातल्या पोरीच्या मागे बापाच्या जागी आजा उभा राहिला, त्याच साली खासदार गुणवंतराव वारले. कम्युनियन एप्रिलात झालं, खासदार जूनमध्ये गेले. दिल्लीतली त्यांची खुर्ची रिकामी झाली आणि आता पोटनिवडणूक लागणार, असं टीव्हीवाले सांगू लागले.

तारोडीत खासदार मेल्याचं दुःख कुणाला फारसं झालं नाही. मोठी माणसं टीव्हीत मरतात, गावात त्यांच्यासाठी चूल बंद राहत नाही. पण ह्युबर्ट तांडेल ती बातमी ऐकून ओट्यावर बसला तो जेवायलाही उठला नाही. त्याची बायको ज्युलिएट आतून ओरडली, "तुझा कोण लागत होता रे तो?"

"माझा शब्द होता त्याच्याकडे," ह्युबर्ट म्हणाला.

मग ज्युलिएट हात पुसत बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसली. कारण तो शब्द विल्सनसाठी दिलेला होता.

विल्सन हा दोघांचा एकुलता मुलगा, ब्रिटनीचा बाप. ह्युबर्टचं आडनाव बोर्जिस, पण सगळं आयुष्य तारोडीसमोरच्या पाण्यात तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणून गेलं, त्यामुळे गाव त्याला तांडेलच म्हणायचं. पण मुलाच्या वेळेपर्यंत जाळ्यात बोंबील थोडे आणि पिशव्या, चपला, तुटक्या बादल्या जास्त यायला लागल्या. घर चालेना. विल्सन गुजरातच्या एका शेठच्या बोटीवर तांडेल म्हणून गेला. बोट मासळीच्या मागे गेली, मासळी सरहद्दीकडे गेली. पाण्यावर काही रेघ मारलेली नसते. पलीकडच्यांनी बोट धरली आणि विल्सनसकट सगळे खलाशी तुरुंगात टाकले. शिक्षा काही महिन्यांचीच होती, ती केव्हाच संपली. पण तिथे शिक्षा संपली म्हणून माणूस सुटत नाही. आपल्या सरकारने त्यांच्या सरकारला विचारावं लागतं, आणि आपल्या सरकारने विचारावं म्हणून कुणीतरी त्याच्या मागे लागावं लागतं. विल्सनची एक चिठ्ठी आली होती. तब्येत बरी आहे, थोडा खोकला आहे, ब्रिटनीला शाळेत पाठवा, एवढंच.

गुणवंतराव आदल्या वर्षी गावच्या सणाला आले होते. सणाला पुढारी येतात, पुढे बसतात आणि फादरच्या भाषणाआधी उठतात. पण हे ह्युबर्टच्या ओट्यावर येऊन बसले. ज्युलिएटने पीठ आंबवून तळलेल्या गोल फुग्या त्यांनी दोनदा मागून घेतल्या. सगळं ऐकून घेतलं आणि ह्युबर्टचा हात धरून म्हणाले, "तांडेल, तुमचा मुलगा आणून देईन. तोवर या दारात मतं मागायला येणार नाही."

"शब्द पाळलान बाबाने," बातमीच्या दिवशी ज्युलिएट म्हणाली, "मतं मागायला येणार न्हाय बोललेला. आता कुठून येतो?"

ह्युबर्टला हसू आलं नाही. तो वेगळाच विचार करत होता.

या किनाऱ्यावर जुनी रीत आहे. बोटीचा तांडेल मेला की त्याच्या जागी येणारा माणूस सुकाणूला हात लावण्याआधी मेलेल्याच्या दारी जातो. आत शिरत नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याच्या बायकोला विचारतो, "काय शब्द राहिले?" बाई मग सांगते. अमक्याचं जाळं आणलंय, ते परत द्यायचं. तमक्याच्या पोरीच्या लग्नाला मासळी घालायचं कबूल केलंय. बाई सांगेल तेवढे शब्द नव्या तांडेलाने उचलायचे. नको असतील तर सुकाणूही नको. आणि या रीतीला एक दुसरी बाजू आहे. ज्याचा शब्द राहिला असेल त्यानेही मग त्या एकाच दारी उभं राहायचं. तो दुसऱ्या कुणाकडे तेच मागायला गेला, की पहिला माणूस मोकळा झाला.

ह्युबर्ट तांडेल झाला तेव्हा त्याच्या आधीचा तांडेल कार्ल पोटाच्या दुखण्याने गेला होता. कार्लच्या बायकोने शब्द सांगितले. एका माणसाला सणासाठी डुक्कर द्यायचं होतं, ते ह्युबर्टने हसत दिलं. दुसरा शब्द अवघड होता. शेजारच्या गावातल्या एका आंधळ्या बाईला दर खेपेची टोपलीभर मासळी पोचवायची होती. कार्लने हा शब्द का दिला ते कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत असलेले सांगत नव्हते. ह्युबर्टने ती टोपली बाई मरेपर्यंत पोचवली. घरात कालवणाला काही नसेल त्या दिवशीही पोचवली. ज्युलिएट भांडायची. "भानगड त्याची, आणि वाटा माझ्या पोराच्या ताटातला!" विल्सन तेव्हा लहान होता. कधीकधी तोच टोपली घेऊन जायचा.

म्हणून ह्युबर्टला वाटलं, खासदार गेला तरी शब्द कुठे गेला? शब्द दारात आहे. कुणीतरी खुर्चीवर बसेल, तो त्या दारी जाईल आणि बाईला विचारेल. बाईला फक्त माहीत असायला हवं.

"ते दिल्लीचं सुकाणू हाय, तुझ्या होडीचं न्हाय," ज्युलिएट म्हणाली.

"सुकाणू ते सुकाणू."

तो धुतलेला शर्ट घालून काशीगावला गेला. हायवेच्या अलीकडे गुणवंतराव साहेबांचा बंगला होता. फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है, चाचा? साहब तो गुजर गये."

"मालूम है. बाई से मिलने का है. साहब का एक बात बाकी है."

वॉचमनला वाटलं, म्हातारा पैसे मागायला आला असावा. पण तेवढ्यात साहेबांच्या पत्नी मृणालिनीताई स्वतःच कुणाला तरी पोचवायला बाहेर आल्या. पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या. आवाज अजून तसाच होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्या म्हणाल्या, "आत या ना, काका."

"आत न्हाय यायचं, बाय. हितूनच सांगतो."

आणि दाराबाहेर चपला काढून उभं राहून त्याने सगळं सांगितलं. विल्सन, बोट, फुग्या, हात धरून दिलेला शब्द. कार्लचंही सांगितलं, कारण त्याशिवाय बाईला रीत कशी कळणार? मृणालिनीताईंनी मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "रोज माणसं येतात, काका. साहेबांनी आमचं काय काय केलं ते सांगून रडतात. काय राहिलं ते सांगणारे तुम्ही पहिले."

"जो त्यांच्या जागी येईल त्याला सांगशील ना, बाय?"

"सांगेन."

ह्युबर्ट परत आला तो हलका होऊन. त्या रविवारी त्याने चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावल्या. एक साहेबांसाठी आणि एक जो कोण बसणार होता त्याच्यासाठी.

ऑगस्ट सरता सरता कळलं, पक्षाने तिकीट मृणालिनीताईंनाच दिलं. गावातले जाणते म्हणाले, असंच करतात, रडणाऱ्या बाईला मत मिळतं. ह्युबर्टला ते राजकारण कळलं नाही. त्याला एवढंच कळलं, की ज्या दारात शब्द होता त्याच दारातून नवा तांडेल निघाला. असं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"आता ती कुणाला विचारणार?" ज्युलिएट म्हणाली. "स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहून स्वतःलाच हाक मारणार काय?"

"तिला विचारायची गरज न्हाय. तिला ठाऊक हाय."

"मग बरं. येक हेलपाटा वाचला तिचा."

पण तो पुन्हा गेलाच, या खेपेला भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत. तिथे एका इमारतीच्या तळमजल्यावर प्रचाराचं ऑफिस उघडलं होतं. आत खुर्च्या, झेंडे, वडापावच्या पिशव्या, आणि मराठी, हिंदी, गुजराती एकाच वेळी बोलणारी माणसं. मृणालिनीताई गर्दीतून त्याच्यापर्यंत आल्या. तोंडावर थकवा होता, पण ओळख होती.

"काका, साहेबांचा शब्द तो माझा शब्द. निवडून येऊ द्या, दिल्लीत पहिलं काम तुमचं."

त्यांनी त्याचा हात धरला. कौस्तुभ नावाचा त्यांचा पीए फोटो काढत होता. ह्युबर्टने त्या बोलण्यातला पहिला भाग ऐकला. निवडून आल्यावर, हा भाग त्याच्या कानात शिरला नाही. त्याच्या लेखी शब्द हातात आला, म्हणजे काम चालू झालं.

सप्टेंबरात अनिश आला. अनिश शेजारच्याच गावातला, नवा वकील झालेला. मच्छीमारांच्या संघटनेचं काम बघायचा. ओट्यावर बसताच त्याने कागद बाहेर काढले.

"आजोबा, विल्सनदादाच्या बोटीवरचे तलासरीचे खलाशी आहेत ना, त्यांच्या घरच्यांना भेटून आलो. आजारी कैद्यांसाठी वेगळा अर्ज करतोय आपण. इकडच्या कोर्टात एक, आणि तिकडे एक वकील आहे, तोही तिथल्या कोर्टात टाकणार आहे. दादाचा खोकला वाढलाय असं ऐकलं. सही लागेल घरच्या माणसाची. तुमची किंवा वहिनीची."

विल्सनची बायको फ्लेव्हिया दारात उभी होती. ती भाईंदरला एका दवाखान्यात आया होती. नुकतीच घरी येऊन भांड्यांना बसली होती, हात ओले होते. तिने ते पदराला पुसले.

ह्युबर्ट म्हणाला, "न्हाय."

"का, आजोबा?"

"बाईने शब्द उचललाय. आता आपण दुसऱ्या दारी गेलो तर ती मोकळी झाली."

अनिशला आधी कळलंच नाही. मग कळलं, कारण तोही याच किनाऱ्यावरचा होता, त्याचाही आजा तांडेल होता. तो खाली वाकून हळू बोलू लागला. "ही बोट नाय, आजोबा. हे सरकार आहे. इथे चार दारं ठोकली तर एखादं उघडतं. बाई अजून निवडूनपण आली नाय. खुर्ची रिकामी आहे. तिच्या पत्राला आज कोण विचारतोय?"

"तू वकील हायस. तुझी दारं येगळी."

"बाबा," फ्लेव्हिया म्हणाली, "मी करते ना सही. बायको हाय मी त्याची."

ह्युबर्टने तिच्याकडे पाहिलं. सून कधी त्याच्या बोलण्यात बोलली नव्हती. तो रागावला नाही. समजावल्यासारखं म्हणाला, "पोरी, विल्सन माझ्या पोटचा हाय. मला घाई न्हाय असं वाटतं का तुला? पण वल्हवणाऱ्याच्या हातातलं वल्हं मधेच वढलं तर होडी फिरते. बाईने माझ्या हातात हात दिलाय. तिच्यावर आता अविश्वास दाखवला तर ती का धडपडेल?"

फ्लेव्हियाने सासूकडे पाहिलं. ज्युलिएटकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. त्या दिवशी ती सुपातले तांदूळ निवडत बसली, मान वर केली नाही. तिलाही रीत माहीत होती, आणि तिने आयुष्यभर त्या टोपलीवरून भांडूनही शेवटी टोपली भरून दिली होती. फ्लेव्हिया आत गेली. नळाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

अनिश उठला. "तलासरीच्या बायकांनी सह्या केल्यात," एवढं म्हणाला. "विचार बदलला तर फोन करा, लगेच येतो." फोन कुणी केला नाही.

दिवाळीनंतर प्रचाराला जोर आला. मृणालिनीताईंची उघडी जीप तारोडीत आली. भोंग्यातून त्यांचा आवाज मासळी वाळत घातलेल्या काठ्यांवरून, चर्चच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. "साहेबांचा प्रत्येक शब्द मी पूर्ण करीन!" बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्युबर्टने टोपी काढली. त्याच्या शेजारच्याला तो म्हणाला, "बघ, उघड बोलली. माइकवर बोलली."

त्या दिवसापासून तो घरोघर फिरला. मतदानाचा दिवस उधाणाच्या दिवसांत आला होता, आणि उधाणात मासळी लागते. तरणी पोरं कुरकुरली.

"तांडेल, येका बटनासाठी येवढा दर्या सोडायचा?"

"सोडायचा."

"आणि घरी कालवण काय, मतपत्रिकेचं?"

"माझ्या घरी ये. ज्युलिएट सुकट देईल."

"सुकट खाऊन मत देणारे आमीच," पोरगा म्हणाला आणि सगळे हसले. पण त्या पोरांपैकी विल्सनबरोबर पोहायला न शिकलेलं एकही नव्हतं. त्यांनी बोटी काढल्या नाहीत.

समोरच्या पक्षाचा स्वप्नील नावाचा कार्यकर्ता स्कूटरवरून गावात फिरत होता. त्याने ह्युबर्टला गाठलं. "आजोबा, बाईंची नुसती सहानुभूतीची लाट आहे. लाटेवर मत देऊ नका."

"लाट तू मला शिकवतोस?" ह्युबर्ट म्हणाला. ते गावात दोन दिवस चाललं. पोरं एकमेकांना "लाट शिकवतोस?" म्हणून टपल्या मारत होती.

मतदानाला ह्युबर्टने एकेकाला हाताला धरून शाळेपर्यंत नेलं. पाय सुजलेल्यांना रिक्षा केली. कुठल्याही पुढाऱ्याच्या माणसाने तारोडीत कधी एवढी मेहनत घेतली नव्हती. शाळेतल्या मतदान अधिकाऱ्याने विचारलं, "काका, तुम्ही कोणत्या पक्षाचे?" ह्युबर्ट कुठल्याच पक्षाचा नव्हता. तो विल्सनचा होता.

मृणालिनीताई जिंकल्या. भरभरून जिंकल्या. इंद्रलोकात फटाके फुटले, ते टीव्हीवर दाखवले. ज्युलिएटने न सांगता फुग्यांचं पीठ भिजवलं. ब्रिटनीने विचारलं, "पप्पा नाताळात येनार?" आणि या वेळी कुणी तिला गप्प केलं नाही. दुसऱ्या दिवशी ह्युबर्टने पाहिलं, फ्लेव्हियाने विल्सनचे शर्ट पेटीतून काढून धुतले होते आणि उन्हात घातले होते. सही नाकारल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. पण ते शर्ट बघून त्याला वाटलं, तिनेही मानलं.

डिसेंबर लागला आणि एका दुपारी एक नवराबायको गावात विचारत विचारत आली. पुरुष इतका बारीक होता, की अंगातला नवा शर्ट काठीवर टाकल्यासारखा दिसत होता. त्याचं नाव लाडक्या. तलासरीचा, विल्सनच्या बोटीवरचा खलाशी. आजारी म्हणून पलीकडच्यांनी ज्या काही जणांना सोडलं, त्यांत तो होता.

ज्युलिएटने धावत पाणी आणलं. ह्युबर्टने त्याला खुर्ची दिली, पण तो जमिनीवरच बसला. पाणी प्यायला नाही. तांब्या समोर ठेवून बघत राहिला.

"विल्सन मागून येतोय ना?" ह्युबर्टने विचारलं. "दुसऱ्या गाडीने?"

लाडक्याने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "सांग. त्यासाठीच आलोय."

"तांडेल दिवाळीच्या आत गेला," लाडक्या म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. मग ज्युलिएटला कळलं. ती भिंतीला धरून खाली बसली.

लाडक्या थांबला नाही. थांबला असता तर त्याला पुढचं सांगता आलं नसतं. "आमी येकाच खोलीत होतो. दोघांना खोकला. त्याला रगत पडायचं, तो दाखवायचा न्हाय. येक दिवस माझं नाव वाचलं. बोलले, तुझ्या घरून कोर्टात अर्ज आलाय, डॉक्टर तपासणार. मला मोठ्या दवाखान्यात नेलं, सुई दिली, गोळ्या दिल्या. जाताना तांडेल बोलला, लाडक्या, माझंबी नाव हाय का बघ. मी त्या शिपायाला विचारलं. दोनदा विचारलं. तो बोलला, न्हाय. परत आलो तर तांडेलला तुरुंगातल्याच खाटेवर झोपवलेला. मला बोलला, माझं बी येईल, बाबा गप बसणारा न्हाय."

फ्लेव्हिया दाराची चौकट धरून उभी होती. तिने लाडक्याच्या बायकोला विचारलं, "तुमचा अर्ज कोणी केला?"

"तो वकील आलेला ना, अनिश. मला लिहाय येत न्हाय, मी अंगठा दिला."

फ्लेव्हियाने मान हलवली. सासऱ्याकडे तिने पाहिलं नाही. त्या दुपारी नाही आणि नंतरही नाही. ती बाहेर गेली आणि दोरीवरचे कपडे काढू लागली.

ह्युबर्ट लाडक्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला. वाटेत लाडक्या म्हणाला, "तांडेलने आमाला कधी शिवी दिली न्हाय." ह्युबर्ट हूं म्हणाला. बस आली, दोघं चढली. ह्युबर्ट तिथेच उभा राहिला. दुसरी बस आली, ड्रायव्हरने विचारलं, "आना है क्या, बाबा?" तेव्हा तो वळून घराकडे चालू लागला.

त्याच आठवड्यात कौस्तुभचा फोन आला. आवाज उत्साहाचा होता. "काका, मॅडमनी शपथ घेतली आणि पहिलं पत्र तुमच्या मुलाचं दिलं. स्वतः मंत्र्यांना भेटल्या. सभागृहात प्रश्नपण टाकलाय." ह्युबर्टने फोन बातमी ऐकून घरी आलेल्या अनिशच्या हातात दिला. अनिश अंगणात जाऊन बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याने सांगितलं, "त्यांना माहीत नव्हतं. सरकारलाच अजून कळवलं नव्हतं पलीकडून."

पुढचं मात्र मृणालिनीताईंनी केलं. मेलेला माणूससुद्धा तिथून सहज निघत नाही. कुणाची तरी सही, कुणाचा तरी शिक्का अडतो, आणि पेटी महिनोन्‌महिने बर्फात राहते. त्या दिल्लीत दारोदार फिरल्या. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं आणि जानेवारीत पेटी सरहद्दीवरून अमृतसरला, तिथून विमानाने मुंबईला आणि अँब्युलन्सने तारोडीला आली. पेटी उघडू नका, असं सांगितलं होतं. ज्युलिएटने ती उघडायला लावली. पाहिलं आणि म्हणाली, "माझाच हाय." मग तिने स्वतःच्या हाताने झाकण लावलं.

मृणालिनीताई पेटीच्या मागून आल्या होत्या. पोलीस आणि गाड्या त्यांनी गावाबाहेरच थांबवल्या. कौस्तुभने मोबाईल वर केला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्याने तो खिशात घातला. चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेला त्या शेवटच्या बाकावर बसल्या. कबरस्तानात माती टाकून झाल्यावर लोक पांगले, तेव्हा त्या ह्युबर्टजवळ आल्या. निवडणुकीत दिसायच्या त्यापेक्षा म्हाताऱ्या दिसत होत्या.

"काका, मी खोटं बोलले नव्हते."

"न्हाय, बाय. तू खोटी न्हाय."

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाच मी कुणाला तरी फोन करायला हवा होता. पण मला वाटलं, माझं कोण ऐकणार. निवडून आले की करू, अधिकाराने करू." त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा उरला नव्हता. "खरंच सांगते, काका, तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं."

ह्युबर्ट कबरीवरच्या ओल्या मातीकडे बघत होता. ब्रिटनी आईचा हात धरून फाटकाकडे चालली होती. फ्लेव्हियाची पाठ त्याच्याकडे होती.

"माझ्या हातात होतं," तो म्हणाला.

मृणालिनीताईंना अर्जाचं काही माहीत नव्हतं. म्हातारा दुःखाने बोलतोय असं समजून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो ठेवू दिला. मग त्या गाडीकडे गेल्या, आणि तो एकटाच तिथे उभा राहिला.

कबरीवर पुढे दगड बसवला. गावात त्या निवडणुकीची गोष्ट निघते तेव्हा कुणी मतांचा आकडा सांगतं, कुणी ताई दिल्लीत काय बोलल्या ते सांगतं. ह्युबर्ट त्या गोष्टीत बसत नाही, उठून जातो. दगडावर काय लिहिलंय ते मात्र सगळ्यांना पाठ आहे. विल्सन ह्युबर्ट बोर्जिस, राहणार तारोडी, सरहद्दीपलीकडच्या तुरुंगात एकोणतीस ऑक्टोबरला वारला.